नसलेलं पुस्तक

पूर्वी ग्रंथपालाचं दुखणं ठरलेलं असायचं : पुस्तक आहे, पण सापडत नाही. कुणीतरी ते भलत्याच कपाटात खुपसलेलं, नाहीतर एखादे वर्गणीदार ते घेऊन बदलीच्या गावी पोचलेले. आता नवीनच दुखणं आलंय. पुस्तक सापडत नाही, कारण ते कुणी लिहिलेलंच नाही.

परवा आमच्या वाचनालयात कॉलेजातली एक मुलगी मोबाइलवर यादी घेऊन आली. चॅटबॉटने प्रकल्पासाठी संदर्भ काढून दिले होते. त्यातलं एक पुस्तक : लेखक ओळखीचे, प्रकाशक खरे, साल 1934. ग्रंथपाल मॅडमनी संगणकात पाहिलं. समाधान होईना, म्हणून शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची काढली. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांसाठी तिच्याएवढा भरवशाचा साक्षीदार नाही.

"अगं, हे पुस्तक नाहीये."

"म्हणजे बाहेर गेलंय का?"

"नाही गं, झालंच नाही कधी!"

मुलीने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा फोनकडे. कौल फोनच्या बाजूने होता.

रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. यंत्राने मुलीचा वाचवलेला वेळ मॅडमच्या खात्यातून वळता झाला, हा हिशेब त्यांनी कसा मांडला असता कोण जाणे. 'आहे' म्हणायला पुस्तक टेबलावर ठेवलं की झालं. 'नाही' म्हणायला सगळं पालथं घालावं लागतं, आणि तरी समोरच्याला वाटतं, यांना शोधायचा कंटाळा.

मॅडम मात्र यादी बाजूला ठेवून म्हणाल्या, "विषय काय तुझा?" मला तर वाटतं, खरी ग्रंथपालकी या प्रश्नापासून सुरू होते. विषय होता स्वातंत्र्यापूर्वीची बायकांची मासिकं. यादीत नव्हतं ते मॅडमना आठवलं. आतल्या खोलीतून 'स्त्री' मासिकाचे जुने बांधीव अंक आले, 1930 साली किर्लोस्करांनी सुरू केलेलं ते. हे अंक घरी देत नाहीत, त्यामुळे देवघेवीच्या वहीत या सगळ्या खटाटोपाची नोंद शून्य. अनुदानासाठी पुस्तकं किती, सभासद किती हे विचारतात. नसलेली पुस्तकं किती शोधली, असा रकाना अजून कुणी छापलेला नाही.

"याची पीडीएफ मिळेल?" मुलीने विचारलं.

"बस इथं. पंखा लावते," मॅडम म्हणाल्या.