आयरिस ब्लू मिळेपर्यंत: माझ्या जुन्या एमजीबीच्या रंगाचा अनुभव

"सेम टू सेम आहे भाऊ" हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. नागपुरात कुणी जुनी गाडी रंगवायला काढली असेल, तर त्याचा त्रास तरी वाचेल.

गाडी १९६४ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची इंग्लिश स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची. मोठ्या काकांकडून माझ्याकडे आली तेव्हा लाल होती आणि तो लाल पार विटला होता, हात फिरवला की खडूसारखा बोटांना लागायचा. कोणता रंग द्यायचा यावर घरात एकमत नव्हतं. मुलीला काळा हवा होता. पण काळ्यात पत्र्याची प्रत्येक लाट दिसते, इतक्या जुन्या पत्र्याला तो नकोच. मेहुण्याला इंग्लंडच्या रेसिंग गाड्यांचा गडद हिरवा हवा होता. रंग देखणा आहे, पण हिरवा निवडणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. कामठीची छावणी आपल्या शेजारीच, त्या रंगाच्या गाड्या सगळ्यांच्या ओळखीच्या. शेड त्या बाजूला झुकू देऊ नका.

माझं ठरलं ते बॉनेट उघडल्यावर. आत फिकट निळा! आधी कुणीतरी इंजिन न उतरवता नुसता बाहेरून लाल मारला होता. एमजीबीत इंजिनाची जागा, डिकी, दारांच्या कडा सगळं बॉडीच्याच रंगाचं असतं. रंग बदलायचा तर इंजिन उतरवण्याचा खर्चही आधीच धरा. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. चॅसी नंबर कळवून फी भरली की गाडी कोणत्या रंगात बाहेर पडली, याचं प्रमाणपत्र देतात. माझ्या प्रमाणपत्रावर आलं: आयरिस ब्लू. बीएमसीचा (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, तेव्हाची एमजीची मालक कंपनी) जुना कोड बीयू १२.

घोडं अडलं ते रंग बनवून घेताना.

शहरातल्या एका मोठ्या पेंटच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने कोड टाकला. "काहीच दाखवून नाही राह्यलं." मग त्याने आजच्या एका छोट्या गाडीचा निळा काढला आणि म्हणाला, "सेम टू सेम आहे भाऊ." तो मेटॅलिक होता. आयरिस ब्लू सॉलिड रंग आहे, त्यात चमकीचा कण नाही, हे सांगून माझा घसा सुकला.

आमच्या पेंटरचाचांनी तोडगा काढला. दाराच्या आतलं पॅड काढलं, तर मागे तळहाताएवढी सपाट जागा अशी सापडली की जिला ऊन कधी लागलंच नव्हतं. ओल्या फडक्याने पुसली, रबिंग कंपाउंड लावून हलक्या हाताने घासली. पिवळट थर निघाला आणि खालून खरा रंग वर आला: दुधाळ निळा, किंचित हिरवट, त्यात थोडी राखाडी. चाचा म्हणाले, "आता याच्यासारखा पाह्यजे, कोड गेला उडत." दारच उतरवून आम्ही त्या दुकानात नेलं.

स्कॅनर लावला, मशीनने फॉर्म्युला दिला. मी म्हटलं, आधी शंभर मिली बनवून दाखवा. नाही म्हणाले, कमीत कमी एक लिटर. बनवला. ट्यूबलाइटखाली जुळत होता, बाहेर उन्हात धरला तर चक्क जांभळट. वेगळी पिगमेंट वापरून केलेले दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. रंगाच्या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक असायलाच हवं. दोन पावलं बाहेर येऊन बघा म्हटलं, तर मालक खुर्चीतून उठला नाही. "वाळल्यावर बसते बरोबर." वाळल्यावरही जांभळटच राहिला. डबा परत घेणार नाही, बिल झालं आहे, हे मात्र लगेच सांगितलं. नागपूरच्या उन्हात फिरणाऱ्या गाडीचा रंग ट्यूबलाइटखाली पास करायचा, याचा मला आजही राग येतो.

शेवटी घाट रोडच्या एका गल्लीत हाताने शेड काढणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी दार उन्हात भिंतीला टेकवलं, वजनकाट्यावर पांढरा आणि निळा घेतला आणि काडीने काळा, मग पिवळा असा थेंब थेंब टाकत गेले. प्रत्येक वेळी पट्टीवर ओढून, सुकवून, दाराला लावून बघायचे. रंग जुळला तेव्हा पट्टीची कड दिसेना. मला इतका आनंद झाला की चाचांना तिथेच मिठी मारली.

या दोघांकडून शिकलेलं सांगतो. फॉर्म्युला ग्रॅममध्ये लिहून घ्या. लागणारा सगळा रंग एकाच वेळी बनवा, टचअपसाठी अर्धा लिटर जास्तीचा. नमुना कागदावर नको, जुन्या मडगार्डवर मारा, आणि गाडीला जो प्रायमर लावणार तोच खाली हवा; फिक्या रंगाखाली प्रायमरची छटा डोकावते. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी बघा.

काम हिवाळ्यात काढा. मे महिन्यात रंग वरून झटकन सुकतो आणि आत थिनर अडकून फोड येतात. उन्हाळ्यातच करायचं असेल तर स्लो थिनर मागा. पावसाळ्यात दमट हवेने एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते. आम्ही टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, मारला.

आरसीवर रंग "लाल" होता, तो आरटीओत अर्ज करून बदलून घेतला आणि विमा कंपनीलाही कळवलं. हे काम सुरळीत झालं. आणि हो, रंग नवा असताना लगेच वॅक्स लावू नका, आतला थिनर पूर्ण उडू द्या. चाचांनी महिनाभर हात लावू दिला नव्हता.