उंचीचा दाखला आहे, चरबीचा नाही

ब्रिटनमधल्या प्रदर्शनांत शो पोनी, म्हणजे देखणेपणाच्या स्पर्धेतला लहान चणीचा घोडा, उतरवायचा असेल तर त्याच्या उंचीचा दाखला लागतो. 128, 138 आणि 148 सेंटिमीटर अशा मर्यादांनी स्पर्धेचे वर्ग पाडलेले असतात, आणि एखाद्या सेंटिमीटरच्या फरकाने तट्टू वरच्या वर्गात ढकलले गेले तर त्याची बक्षिसाची संधी आणि बाजारातली किंमत दोन्ही खाली येतात. म्हणून जॉइंट मेझरमेंट बोर्ड नावाची स्वतंत्र संस्था पशुवैद्यांकडून नाल काढून, सपाट जमिनीवर उभे करून ही उंची मोजून घेते. याच प्राण्याच्या अंगावर चरबी किती चढली आहे, हे मोजणारी तितकीच काटेकोर आणि सर्वत्र लागू असलेली पद्धत मात्र नाही. प्रदर्शनातले घोडे आणि पोनी गरजेपेक्षा जाड ठेवले जातात का, या प्रश्नाचे माझे उत्तर 'होय, बरेचसे' असे आहे, आणि त्याचे मूळ मला या विसंगतीत दिसते.

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून उन्हाळ्यातली कृषी प्रदर्शने पाहण्याची मला सवय लागली आहे. जुलैमध्ये हॅरोगेटला भरणाऱ्या ग्रेट यॉर्कशायर शोसारख्या ठिकाणी रिंगणाच्या कडेला उभे राहिले की डोळे प्रथम चमकीवर खिळतात: वेणीत गुंफलेली आयाळ, आरशासारखे अंग, पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या भागावर, कंगव्याने उमटवलेली चौकटींची नक्षी. पण ही नक्षी ज्या गोलाईवर इतकी खुलून दिसते ती गोलाई सगळीच स्नायूंची नसते. मानेच्या वरच्या कडेला ताठ, जाड वळी असते, खांद्यामागे मऊ गादी साठलेली असते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना उंचवटे असतात, आणि पाठीच्या कण्याच्या जागी पन्हळ पडलेली असते. या खुणा एकदा ओळखता आल्या की त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.

घोडा जाड ठेवण्यामागे साधा हिशेब आहे. दुबळी पाठ, उलट्या बाकाची मान, उतरता पुठ्ठा हे रचनेतले दोष चरबीखाली झाकले जातात आणि जनावर भरदार, रुबाबदार दिसते. 'घोड्याला सगळ्यांत शोभणारा रंग म्हणजे चरबी' अशा अर्थाची म्हण इंग्रजी घोडेवाल्यांत प्रचलित आहे, आणि ती नेहमी थट्टेनेच म्हटली जाते असे नाही. शिवाय पोटाला थोडे कमी घातलेला, फासळ्या किंचित जाणवणारा घोडा रिंगणात आणला तर मालकावरच हयगयीचा संशय येतो. बारीक घोडा दिसला की लोक प्राणिकल्याण संस्थेला कळवतात; लठ्ठ घोड्याबद्दल तशी तक्रार सहसा कोणी करत नाही. लठ्ठपणाकडे लाडाची खूण म्हणून पाहिले जाते.

या लाडाची किंमत खुरांना मोजावी लागते. अंगावर चरबी साठलेल्या पोनींमध्ये इन्सुलिनचे नियंत्रण बिघडण्याची शक्यता वाढते, आणि रक्तात इन्सुलिन फार काळ चढे राहिले तर खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी जोडणारे पापुद्रे ताणले जाऊन सुटू लागतात. यालाच लॅमिनायटिस म्हणतात. निरोगी पोनींना सतत इन्सुलिन देऊन हा आजार निर्माण करता येतो, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या संशोधनाने दाखवून दिले. त्यामुळे 'जास्त धान्य खाल्ल्याने पाय धरले' एवढ्यावर थांबणारी जुनी समजूत अपुरी ठरली. आजार बळावला तर खुरातले हाड फिरून तळव्याकडे झुकते. उभे राहणेही असह्य झालेल्या अशा जनावराला शेवटी वेदनेतून सोडवण्यासाठी मरण द्यावे लागण्याचे प्रसंग दुर्मीळ नाहीत.

यात सर्वाधिक भरडले जातात ते शेटलंड, एक्समूर, डार्टमूर, वेल्श यांसारखे ब्रिटनचे मूळचे पोनी. खडकाळ माळावरच्या आणि दलदलीतल्या निकृष्ट गवतावर जगण्यासाठी घडलेली ही शरीरे उन्हाळ्यात चरबी साठवतात आणि हिवाळ्यात ती जाळतात. प्रदर्शनातल्या पोनीचा हा हिवाळाच काढून घेतला जातो. त्याच्या अंगावर जाड झूल असते, पुढ्यात पोटभर वैरण आणि वर चंदी असते, आणि वसंतात पुन्हा साखरेने भरलेले कोवळे गवत मिळते. एप्रिलच्या आसपास सुरू होणारा हंगाम ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या हॉर्स ऑफ द इयर शोपर्यंत चालतो, आणि तेवढे महिने 'प्रदर्शनाचे अंग' टिकवायचे तर वजन उतरायला फुरसतच उरत नाही.

आपल्याकडे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो तेव्हा हीच वृत्ती वेगळ्या वेषात दिसते. लाखो-कोटींच्या किमती सांगितलेल्या घोड्यांच्या बातम्यांत त्यांना रोज किती दूध आणि किती तूप लागते याचे वर्णन कौतुकाने छापले जाते. घोड्याचे पोट गवत आंबवून पचवण्यासाठी बनलेले आहे, हे त्या बातम्यांत क्वचितच येते. काठियावाडी आणि मारवाडी हे तर रुक्ष प्रदेशातले, थोड्या चाऱ्यावर काटकपणे टिकणारे घोडे आहेत, त्यामुळे तुपाचे कौतुक मला तिथे अधिकच खटकते.

मालकांना आजार ठाऊक नसतो असे मला वाटत नाही. ज्या मालकिणीने एकदा लॅमिनायटिसचा पोनी सांभाळला आहे तिला त्याची सगळी लक्षणे तोंडपाठ असतात. तरीही तिचा काटक, मोजून खाणारा पोनी सहाव्या क्रमांकावर उभा राहतो आणि गुबगुबीत शेजारी पहिल्या क्रमांकाची लाल रिबीन घेऊन जातो, हे दोन-तीन हंगाम पाहिले की पुढच्या वर्षी ती काय करील हे सांगायला ज्योतिषी नको. दोष परीक्षकांच्या पसंतीचा आहे, कारण ते ज्याला पहिला क्रमांक देतात तेच पुढच्या वर्षी तयार होऊन येते. मोठ्या घोड्यांच्या अनेक वर्गांत परीक्षक स्वतः घोड्यावर बसून पाहतात, खोगीर उतरवून रचना तपासतात. त्याच वेळी फासळ्यांवरून हात फिरवायला अर्धा मिनिटही लागणार नाही.

हात फिरवून गुण देण्याची रीतही नवी नाही. टेक्सासमधले घोड्यांचे संशोधक हेन्नेके यांनी 1983 साली मान, मानेच्या मुळाशी पाठीवर असलेला उंचवटा, खांद्यामागची जागा, फासळ्या, कंबर आणि शेपटीचे मूळ तपासून 1 ते 9 गुण देण्याची पद्धत मांडली. त्यात 5 म्हणजे मध्यम, फासळ्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात. गंमत अशी की ही मोजणी प्रजननासाठीच्या घोड्या फार बारीक राहू नयेत या काळजीतून आली होती. आज तिचा उपयोग बहुधा उलट्या टोकाला होतो. नराच्या मानेची कमान जन्मजात भरीव असते आणि वेल्श कॉब मुळातच दणकट असतो, हा आक्षेप खरा आहे, पण तो एका जागेपुरता आहे; बाकीच्या जागा सत्य सांगतातच.

अर्थात वजन उतरवण्याची घाईही जीवघेणी ठरते. लठ्ठ पोनीला एकदम उपाशी ठेवले तर साठलेली चरबी रक्तात उतरून यकृत निकामी होऊ शकते, त्यामुळे पशुवैद्याच्या सल्ल्याने मोजून वैरण द्यावी लागते, तीही आधी पाण्यात भिजवून तिच्यातली साखर कमी करून, आणि महिनोन्‌महिने. म्हणजे रिंगणाच्या दारात गुण जास्त आले म्हणून पोनी परत पाठवण्याचा नियम आणायचा असेल तर तो पुढच्या हंगामासाठी आधीच जाहीर करावा लागेल. आणि उंचीच्या दाखल्यासारखे एकदा मोजून भागणार नाही, कारण पूर्ण वाढलेल्या पोनीची उंची फारशी बदलत नाही, चरबी मात्र दर महिन्याला बदलते. तपासणी त्या त्या प्रदर्शनाच्या दिवशीच, पशुवैद्याच्या हातानेच व्हावी लागेल, आणि तिचा खर्च प्रवेशशुल्कात धरावा लागेल.