निळ्या पाण्यासाठी नव्हे

निळे पाणी, पांढरी वाळू आणि किनाऱ्यावर झुकलेला माड एवढ्यासाठीच कोणी सेशेल्सला निघाला असेल, तर त्याने जाऊ नये असे मी खुशाल सांगेन; एवढा ऐवज याहून जवळच्या बेटांवरही मिळतो. आफ्रिकेच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या किंचित खाली, हिंदी महासागरात विखुरलेल्या या शंभराहून अधिक बेटांवर जायचे ते त्यांच्या एकलकोंडेपणासाठी. १७७०च्या सुमारास फ्रेंचांनी वसाहत करेपर्यंत तिथे कायमची मनुष्यवस्ती नव्हती, आणि कोणाची लुडबुड नसली की जमिनीचा एक तुकडा आपल्याच तंद्रीत काय काय घडवतो, ते तिथे दिसते.

भर समुद्रातली बेटे बहुधा ज्वालामुखीतून वर आलेली किंवा प्रवाळांनी उभारलेली असतात. सेशेल्समधली माहे आणि प्रालँ ही बेटे मात्र ग्रॅनाइटची, म्हणजे अस्सल खंडाच्या दगडाची आहेत. गोंडवन हे प्राचीन महाखंड फुटल्यानंतर भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा तुकडा त्याच्यापासून सुटून मागे राहिला. याची साक्ष बेडूक देतात. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, केरळात, जमिनीखाली दडून राहणाऱ्या एका जांभळ्या बेडकाची २००३ साली शास्त्रीय नोंद झाली, तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले ते थेट सेशेल्समध्ये. बेडकाला खारे पाणी मानवत नाही, त्यामुळे तो एवढा समुद्र पोहून गेला असेल हे संभवत नाही. भाऊबंदांत वाटणी व्हावी तशी इथे जमीनच वेगळी निघाली. या नातलगांपैकी एक तर जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा आहे, त्याला मधला कान नाही आणि तो तोंडाच्या पोकळीतून ऐकतो.

तरीही एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी प्रालँवरचे व्हॅले द मे हे अरण्य निवडेन. साधूंच्या हातातला काळा कमंडलू ज्या दर्याई नारळाच्या कवचाचा असतो, त्याची झाडे इथली. हे जुळे कवच शतकानुशतके मालदीवच्या आणि भारताच्या किनाऱ्यांना लागत असे आणि त्याचे झाड समुद्राच्या तळाशी उगवते असे लोक मानत. प्रालँवरच्या झाडाशी युरोपीयांनी त्याची सांगड घातली ती १७६८ साली. गंमत अशी, की वाहत येत ती फक्त आतून कुजून पोकळ झालेली कवचे. रुजू शकणारा ताजा नारळ इतका जड असतो की तो सरळ बुडतो. साधा नारळ तरंगत जाऊन दूरच्या किनाऱ्यावर रुजतो. दर्याई नारळ मात्र नैसर्गिकरीत्या प्रालँ आणि शेजारच्या क्युरियूज बेटापुरताच राहिला.

पाऊस सुरू झाला की हे झाड जवळून पाहावे. पंख्यासारख्या अवाढव्य पानाच्या घड्यांमधून पाणी देठाकडे ओघळते, तिथून खोडावरून खाली उतरते, आणि पानांवर साचलेला पराग, कचरा व पाखरांची विष्ठा धुऊन बुंध्याशी आणून टाकते. माती निकृष्ट असल्यामुळे झाडाने स्वतःच्या खताची ही सोय केली आहे, आणि नारळ जड असल्याने आईच्या पायाशीच पडणारे रोपही त्याच खतावर पोसते.

हा नारळ घरी आणायचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी सरकारी परवाना लागतो, आणि एकेक नारळ पंधरा-वीस किलोपर्यंत भरत असल्यामुळे विमान कंपनीशीही आधीच बोलून घेतलेले बरे.