विद्यार्थी व्हिसासाठी खात्यात पैसे असून भागत नाही

परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले की व्हिसा जणू मिळालाच, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात विद्यापीठ गुणवत्ता पाहून प्रवेश देते, तर हा विद्यार्थी खरोखर शिकायलाच येतो आहे का आणि त्याचा खर्च कोण, कुठून करणार आहे, हे व्हिसा अधिकाऱ्याला पाहायचे असते. ओळखीच्या मुलांच्या फाइली चाळताना मला सतत जाणवते की इंग्रजीच्या परीक्षेसाठी महिनोन्‌महिने देणारी मुले आर्थिक कागदपत्रे मात्र अगदी शेवटी हातात घेतात. मला हा क्रम उलटा वाटतो, कारण परीक्षा पुन्हा देता येते, पण बँक स्टेटमेंटमध्ये उलटून गेलेले दिवस मागे जाऊन दुरुस्त करता येत नाहीत.

ब्रिटनचा नियम याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे ज्यांना आर्थिक पुरावा जोडावा लागतो, त्यांच्या खात्यात आवश्यक रक्कम सलग २८ दिवस असावी लागते आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. समजा, स्टेटमेंट १० जुलैला संपते. तर १३ जूनपासून १० जुलैपर्यंत रोजची शिल्लक निदान ठरलेल्या रकमेइतकी हवी आणि अर्ज १० ऑगस्टपर्यंत भरला गेला पाहिजे. मधल्या एखाद्या दिवशी विम्याचा हप्ता वळता होऊन शिल्लक थोडी जरी खाली आली, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी लागते. म्हणून नेमकी तेवढीच रक्कम न ठेवता थोडी जास्त ठेवावी, असा माझा आग्रह असतो. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील, तर त्यांच्याशी असलेल्या नात्याचा पुरावा आणि त्यांचे संमतिपत्रही जोडावे लागते.

जर्मनीची पद्धत वेगळी आहे. तिथे बहुतेक विद्यार्थी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारे खाते, उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षभरासाठी ११,९०४ युरो भरावे लागतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो काढता येतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियानेही २०२४ मध्ये ही किमान रक्कम वाढवली, तेव्हा मागच्या वर्षी गेलेल्या मित्राचा आकडा प्रमाण न मानता त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरचाच आकडा धरावा.

रक्कम पुरेशी असली तरी ती आली कुठून, हा प्रश्न उरतोच. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकरकमी मोठा भरणा दिसला, तर अधिकाऱ्याला शंका येणे स्वाभाविक आहे. जमीन विकली असेल तर खरेदीखत, ठेव मोडली असेल तर तिची पावती, कर्ज असेल तर बँकेचे मंजुरीपत्र सोबत जोडावे. उसने पैसे काही दिवस खात्यात फिरवून आणण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो कधीही मानू नये.

अमेरिकेच्या व्हिसासाठी आय-२० (प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाने दिलेले प्रमाणपत्र) आणि सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सरकारी प्रणाली) शुल्काची पावती लागते, पण खरी कसोटी मुलाखतीत लागते. तिथल्या कायद्याच्या कलम २१४(ब) नुसार अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे आधी गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. हाच अभ्यासक्रम का आणि शिक्षणानंतर पुढे काय, याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देता आले पाहिजे. पाठ केलेले उत्तर पहिल्या उपप्रश्नालाच अडखळते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ पासून हेच प्रश्न थेट अर्जातच विचारायला सुरुवात केली आहे.

आणि व्हिसा नाकारला गेलाच, तर नकारपत्रातले कारण नीट वाचून तेवढी उणीव भरून काढावी आणि पुढच्या अर्जात आधीच्या नकाराबद्दल विचारल्यास तो स्पष्ट नमूद करावा. अपुऱ्या कागदांमुळे आलेल्या नकारानंतर पुन्हा अर्ज करता येतो. फसवणूक आढळल्यास मात्र ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.