दीड तास अंगावर, तरी बाळ रडतंच

मी आशा सेविका म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आम्ही घरी जाऊन बाळाला बघतो. ही सातव्या दिवसाची गोष्ट.

पहिलटकरीण, माहेरी आलेली. मी पोचले तेव्हा अकरा वाजलेले आणि पोरगी साडेनऊपासून बाळाला घेऊन बसलेली, पाठीला टेका नाही, मान खाली, डोळे सुजलेले, शेजारी चहाच्या कपावर साय धरलेली. "ताई मला दूधच नाही वाटतं, हा सोडतच नाही आणि सोडला की परत रडतो" एवढं बोलली आणि रडायलाच लागली. तिची आई म्हणाली रात्रभर हेच चाललंय, आता पावडरचा डबा आणलाय, दुपारपासून वरचं दूध देणार.

मी हात धुतले आणि आधी नुसती बघत बसले. बाळाच्या तोंडात फक्त निपल, भोवतीचा काळा भाग सगळा बाहेर, गाल आत जातायत, चक चक आवाज येतोय पण गिळल्याचा आवाज नाहीच. म्हणजे ओढतंय खूप आणि मिळतंय थोडं, मग दीड दीड तास लागणारच ना! निपलला चीर पडलेली, पोरगी दात आवळून पाजत होती आणि हे कोणाला सांगितलंही नव्हतं.

करंगळी कडेने घालून बाळाला सोडवलं. तिला भिंतीला टेकवलं, पाठीमागे गोधडी, मांडीवर उशी, बाळाचं पोट तिच्या पोटाला. म्हटलं घाई नको, जांभई देतं तसं मोठं तोंड उघडू दे आणि मग बाळाला छातीकडे आण, तू वाकू नकोस. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला आणि आला तो आवाज, घुटका घेतल्याचा. "ऐक" म्हटलं. ती एकदम गप्पच झाली, मग म्हणाली, "दुखत नाहीये." वीसेक मिनिटांनी बाळाची घट्ट मूठ आपोआप सुटली.

मग झोळीच्या काट्यावर वजन केलं. जन्माचं २ किलो ८००, तिसऱ्या दिवशी २ किलो ६५०, आज २ किलो ७००. सुरुवातीला थोडं उतरतंच, आता चढायला लागलंय. लंगोट दिवसाला सात-आठ ओले होतात. दूध आहे हो, डबा कशाला!

खरा राग मला आला तो पाण्यावरून. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं म्हणून दिवसाला दोनच भांडी, तेही कोमट. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणारी बाई, तहानेने जीव जातो तिचा. मी आजीला म्हटलं, मावशी, लाडू करता तसाच तांब्या भरून उशाशी ठेवा, आणि पाजून झालं की ढेकर तुम्ही काढा, तेवढी तिची पाठ टेकेल. कुशीवर झोपून कसं पाजायचं तेही दाखवलं, पाजता पाजता डोळा लागेलसं वाटलं तर आईला हाक मार म्हटलं.

चौदाव्या दिवशी वजन २ किलो ९२०. पोरगी कुशीवर होती, उशाशी तांब्या. आजी म्हणाली आता अर्ध्या तासात आटपतं, संध्याकाळी मात्र सात ते नऊ सारखं मागतो. मी म्हटलं मागू दे, संध्याकाळी मागतातच, त्या वेळी हिला भाकरी कुस्करून भरवा. तर म्हणाल्या, "भरवतेच की."