आसाचं वंगण

निपाणीकडच्या आमच्या गावात उसाचा हंगाम म्हणजे गुडघ्यांचा हंगाम. गाडीवानांना श्लेष्मधरा कला, म्हणजे आयुर्वेदानं सांगितलेला सांध्यातला ओलसर पडदा, समजावणं मला कधी जड गेलं नाही, कारण सुश्रुतानं दाखला त्यांच्याच धंद्यातला दिलाय: ‘स्नेहाभ्यक्ते यथा ह्यक्षे चक्रं साधु प्रवर्तते’. आसाला वंगण असलं की चाक नीट फिरतं, तसे श्लेष्म्यानं, म्हणजे कफानं, सांधे. सात कलांपैकी ही चौथी, सगळ्या सांध्यांत असणारी. सांध्याच्या आतलं जे अस्तर ओलावा सोडतं, त्याच्याशी तिचं वर्णन चांगलं जुळतं. दवाखान्यात मी चाकाचं चित्रच लावलंय.

त्या सोमवारी साठीचे एक गाडीवान काका दोघांच्या आधारानं आत आले. “डॉक्टरबाई, तुम्ही सांगितल्यासारखं चार दिवस तेल चोळूलोय, सूज उतरंना की.”

तेल मी सांगितलं होतं, पण दोन वर्षांपूर्वी, थंडीत कुरकुरणाऱ्या कोरड्या गुडघ्याला. आता हाताची पाठ आधी डाव्या, मग उजव्या गुडघ्यावर ठेवली. उजवा तव्यासारखा. वाटी दाबली तर पाण्यावर तरंगल्यासारखी खाली जाऊन वर आली. पाय जरा हलवला तर काका ओरडले. ताप १०२. एवढं कळायला दोन मिनिटं लागली. आमच्यातलेच कितीतरी जण गुडघ्याला हात न लावता एक्स-रेची चिठ्ठी लिहितात.

आम, म्हणजे न पचलेला दोष, अंगात असताना, ताप असताना अभ्यंग करायचा नाही, हे आयुर्वेदाचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. माझ्या चित्रात ते कुठं होतं?

‘सांध्यात पू असण्याची शंका, आजच पाणी काढून तपासावं’ अशी चिठ्ठी दिली. पू सांध्यात राहिला तर थोड्या दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खाऊन टाकतो. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट. पण उपचाराचं सरकारी कार्ड कर्नाटकचं, म्हणून मुलगा बेळगावच म्हणत राहिला, आणि त्या वादात तास गेला. कला म्हणजे धातू (शरीराचे घटक) आणि आशय (ते राहतात त्या जागा) यांच्यामधली मर्यादा. शरीरातली मर्यादा काहीतरी धरून ठेवते, राखते. आमच्या ह्या सीमेनं त्या दिवशी फक्त वेळ खाल्ला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सुईनं पूच निघाला. सांधा उघडून धुवावा लागला.

महिन्यानं काका आले. भिंतीवरच्या चाकाकडं बघत म्हणाले, “वंगणात माती गेल्यावर वरनं तेल सोडून काय उपयोग, बाई? चाक काढून आस पुसायला पायजे.” इतकी वर्षं मी दाखल्याचा अर्धाच भाग सांगत होते. श्लेष्मा ती कला आतून पुरवते, बाहेरून ओतता येत नाही. आणि तीच बिघडली की सांधा भरून टाकते.

चित्राखाली आता मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावलंय: गुडघा गरम असेल, ताप असेल तर तेल नको, त्याच दिवशी दाखवा. काकांना अजून मांडी घालता येत नाही. गाडी मुलगा हाकतो.