जोडीचे १२००

पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यावर साडेसातला पोचलं तरी कुणी बोलत नाही, सगळ्यांचं लक्ष मुकादमाच्या गाडीकडे. नऊनंतर जे उरतात, म्हणजे ज्यांना त्या दिवशी काम नाही, तेच आम्हा मजुरीचा सर्व्हे करणाऱ्यांशी बोलतात. सॅम्पलमध्ये इथंच खोट आहे, सरांना तीनदा सांगून झालंय, जाऊदे.

परवा एक नवराबायको भेटले, दोघंही बिगारी. आमचा फॉर्म पीएलएफएसच्या, म्हणजे सरकारच्या रोजगार पाहणीच्या धर्तीवर, गेल्या ७ दिवसांचा रोजचा हिशोब, त्यांचे ३ दिवस भरलेले. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी विचारली तर म्हणे जोडीचे १२००. आता टॅबवर जोडीचा रकानाच नाही आणि माणशी आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

नवरा म्हणाला, "माझे ७००, हिचे ५०० धरा."

"धरा काय? घमेली मोजा की, माझी जास्त भरतील," ती म्हणाली.

पैसे येतात नवऱ्याच्याच हातात. आधी ऊसतोडीला जायचे, तिथंही दोघं मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा, हे तिनंच मला समजावलं, आणि आमच्या ट्रेनिंगमध्ये पूर्ण दोन दिवस फक्त कोड पाठ करून घेतले होते!

सुपरवायझरला फोन केला. "निम्मं निम्मं टाक न पुढं हो." म्हणजे ६००-६००. समान वेतनाचा कायदा वारज्यात मी बोटानं लागू करायचा, आणि मग त्याच आकड्यांवर बाई-पुरुष मजुरीतल्या फरकाचा पेपर लिहायचा.

मग सुचलं म्हणून विचारलं, एकट्या गेलात तर किती? नवरा आजारी होता तेव्हा ती दोन दिवस गेलेली, रोजचे ४५० मिळाले. तो एकटा गेला तर ७००. बेरीज ११५०. मग वरचे ५० कसले? "जोडीचा खाडा होत नाही ना, म्हणून." ते ५० नवऱ्यानं हिच्या खात्यात धरले होते, मला वाटलं होतं उगाच ठोकून देतोय.

७००-५०० टाकलं, शेऱ्यात 'जोडी' लिहिलं. शेऱ्याचा रकाना एक्सेलमध्ये उतरतच नाही म्हणा.

रात्री जुने फॉर्म उघडून बसलो. बायकांपुढे ५०० बऱ्याच ठिकाणी दिसतायत, कामावर नवरा सोबत होता का ते मी एकीलाही विचारलेलं नाही.